दीड लिटरच्या इंजिनाची साक्ष

मोटारगाडीच्या इंजिनाबद्दल बोलताना ‘विश्वासार्ह’ हा शब्द फार सहज वापरला जातो. परंतु ज्यांचे आयुष्य गॅरेजमध्ये इंजिने उघडण्यात आणि जोडण्यात गेले, त्यांच्या लेखी या शब्दाचा अर्थ अधिक काटेकोर असतो. कधीच न बिघडणारे इंजिन जगात नाही. घर्षण, उष्णता आणि ज्वलन यांच्या अखंड माऱ्यात धातू झिजणारच. म्हणून विचारायचे असते ते एवढेच, की ही झीज किती सावकाश होते, सर्व सिलिंडरांत सारखी होते का, ती मोजता येते का आणि ती घातक ठरण्यापूर्वी इंजिन तशी सूचना देते का. या चार कसोट्यांवर उतरते ते इंजिन विश्वासार्ह, अशी व्याख्या प्रस्तुत लेखकाच्या मनात पुण्यातील एका गॅरेजमध्ये केलेल्या वीसहून अधिक वर्षांच्या कामातून हळूहळू तयार झाली, आणि ती तयार होण्यात सर्वांत मोठा वाटा होता तो होंडा सिटी या गाडीत बसणाऱ्या १४९७ घनसेंटिमीटरच्या पेट्रोल इंजिनाचा. त्या इंजिनाची रचना, त्याची बलस्थाने, त्याच्या मर्यादा आणि त्याची निगा राखताना हाताला व डोळ्याला आलेले अनुभव यांची मांडणी येथे केली आहे.

भारतीय बाजारात ‘मध्यम आकाराची गाडी’ म्हणजे लहान हॅचबॅकपेक्षा मोठी, मागे स्वतंत्र डिकी असलेली आणि साधारण दीड लिटरचे इंजिन बाळगणारी सेडान, असा अर्थ रूढ आहे, आणि तो रूढ करण्यात १९९८ मध्ये भारतात आलेल्या सिटीचा मोठा हात आहे. त्या पहिल्या पिढीतील इंजिन होंडाच्या डी मालिकेतील होते आणि त्यातील कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्यासाठी फिरणारा उंचवट्यांचा दांडा, रबरी दातेरी पट्ट्याने चालवला जात असे. २००३ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत एल मालिकेतील नवे इंजिन आले, त्यात पट्ट्याची जागा पोलादी साखळीने घेतली आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग देणारी आय-डीएसआय ही रचना आली. २००८ च्या पिढीत त्याच मापाचे, परंतु सोळा व्हॉल्व्हचे आणि आय-व्हीटेक रचनेचे इंजिन आले. एकाच मापाच्या पोटातून आधीच्या इंजिनात सुमारे ७७ अश्वशक्ती निघत होती, ती नंतरच्या इंजिनात सुमारे ११८ वर गेली, आणि या दोन आकड्यांमधील अंतर कशामुळे पडले हे समजून घेतले की पेट्रोल इंजिनाचे अर्धे शास्त्र समजते.

इंजिनाचे माप त्याच्या बोअर आणि स्ट्रोक या दोन आकड्यांत सांगितले जाते. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टन वरून खाली जाताना कापतो ते अंतर. या इंजिनाचा बोअर ७३ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८९.४ मिलिमीटर आहे, म्हणजे सिलिंडर रुंदीपेक्षा बराच उंच आहे. अशा लांब स्ट्रोकच्या रचनेत ज्वलनकक्ष अरुंद आणि आटोपशीर राहतो, त्यामुळे ज्योतीला कडेपर्यंत पोहोचायला कमी अंतर कापावे लागते, भिंतींमधून वाया जाणारी उष्णता कमी होते आणि कमी फेऱ्यांवरही फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, चांगला मिळतो. याची किंमत पिस्टनच्या वेगात मोजावी लागते. मिनिटाला ६६०० फेऱ्यांवर या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला जवळजवळ वीस मीटर होतो, तर २५०० फेऱ्यांवर तो साडेसात मीटरच्या आसपास असतो. रिंगांची आणि सिलिंडरच्या भिंतीची झीज या वेगाशी बांधलेली असल्यामुळे, ज्या इंजिनाला क्वचितच वरच्या फेऱ्यांत नेले जाते आणि बहुतेक काळ मधल्या पट्ट्यात चालवले जाते, त्याचे आयुष्य लांबते. घाटात वरचा गिअर धरून गाडी गुदमरत चालवणे आणि लाल पट्ट्यापर्यंत ताणणे ही दोन्ही टोके इंजिनाला मानवत नाहीत, हे मोकळ्या झालेल्या सिलिंडरांकडे पाहून ओळखता येते.

आय-डीएसआय या रचनेचा उद्देश इंधनाची बचत हा होता. प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, परंतु समोरासमोर तिरपे बसवलेले दोन प्लग, आणि ते दोन्ही एकाच क्षणी पेटवायचे की थोड्या अंतराने, याचा निर्णय इंजिनाच्या फेऱ्या व भार पाहून संगणक घेतो. दोन ठिकाणांहून ज्योत निघाल्यामुळे पातळ मिश्रणही झटपट आणि पूर्ण जळते. परंतु या रचनेने गॅरेजला एक वेगळाच धडा दिला. आठ प्लगांपैकी चार पुढच्या बाजूला, सहज हात पोहोचेल असे असतात आणि चार मागे, काचेखालच्या पत्र्याकडे तोंड करून, जिथे मनगट वळवायलाही जागा अपुरी पडते. प्लग बदलले असे कागदावर लिहिलेल्या अनेक गाड्यांत पुढचे चार नवे आणि मागचे चार कारखान्यातून आलेलेच, झिजून अंतर दुप्पट झालेले, असे आढळत असे. एका प्लगाच्या इंजिनात प्लग मेला की गाडी लगेच ‘मिसिंग’ करते, थरथरते, आणि मालक दुसऱ्याच दिवशी दारात उभा राहतो; दोन प्लगांच्या इंजिनात मात्र दुसरा प्लग मिश्रण पेटवत राहतो, गाडी चालत राहते आणि फक्त पिकअप मंदावतो, ॲव्हरेज कमी होते. जोडीदार असल्याने काम थांबत नाही हे त्या रचनेचे बळ, आणि त्याच जोडीदारामुळे दोष झाकला जातो ही तिची दुसरी बाजू. जिथे यंत्र स्वतःहून तक्रार करत नाही तिथे तपासणाऱ्याची जबाबदारी वाढते, ही समज या आठ प्लगांनी दिली.

आय-व्हीटेक रचनेत गणित वेगळे आहे. कमी फेऱ्यांवर सिलिंडरमध्ये हवा हळू शिरते, तेव्हा व्हॉल्व्ह थोडा आणि थोडाच वेळ उघडलेला बरा. जास्त फेऱ्यांवर श्वास घ्यायला वेळच अपुरा असतो, तेव्हा तो अधिक उंच आणि अधिक काळ उघडलेला हवा. सामान्य कॅमशाफ्टला या दोन गरजांमध्ये तडजोड करावी लागते. व्हीटेक ही व्यवस्था, जी होंडाने १९८९ मध्ये इंटेग्रा या गाडीत पहिल्यांदा आणली, त्या तडजोडीतून सुटका करते. कारण तिच्यात कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे उंचवटे असतात आणि ऑइलच्या दाबाने सरकणारी एक लहानशी पिन रॉकर आर्म, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे तरफेसारखे भाग, एकमेकांना जोडते किंवा मोकळे करते. दीड लिटरच्या या इंजिनात कमी फेऱ्यांवर दोन आत येणाऱ्या व्हॉल्व्हांपैकी एक जवळजवळ मिटलेला राहतो, त्यामुळे हवा भोवऱ्यासारखी फिरत आत येते आणि मिश्रण चांगले मिसळते. वरच्या फेऱ्यांत दोन्ही व्हॉल्व्ह पुरते उघडतात आणि इंजिनाचा स्वर बदलतो. या सगळ्या करामतीचा प्राण ऑइलच्या दाबात आहे. ऑइल घट्ट झाले, काळवंडले किंवा त्यातील गाळ व्हीटेकच्या सोलेनॉइडमागील बारीक जाळीत अडकला, की पिन सरकत नाही, वरच्या फेऱ्यांतील जोर नाहीसा होतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. अशा गाड्यांना महागडे सुटे भाग सुचवण्याआधी ती जाळी काढून पाहणे हा नियम करून घेतल्यापासून, पुष्कळ मालकांचे पैसे केवळ एका गॅस्केटच्या खर्चात वाचले.

ऑइलविषयीचे गैरसमज गॅरेजच्या जगात फार खोल रुजलेले आहेत. या इंजिनासाठी निर्मात्याने सुचवलेले ऑइल ०डब्ल्यू-२० या वर्गातील, म्हणजे थंड असताना अतिशय वाहते आणि तापल्यावरही पातळच राहणारे असते. जुन्या कार्बोरेटरच्या इंजिनांवर हात तयार झालेल्या मेस्त्रींना ते पाण्यासारखे वाटते, आणि इंजिनाचा आवाज दबावा म्हणून त्यात जाड ऑइल ओतण्याची सवय अजूनही पूर्ण गेलेली नाही. प्रस्तुत लेखकाचाही पहिली काही वर्षे तोच समज होता. परंतु इंजिनाची बरीचशी झीज सकाळी चावी फिरवल्यानंतरच्या पहिल्या काही सेकंदांत, म्हणजे ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत पोहोचण्याआधीच होते; बेअरिंगांमधील फटी पातळ ऑइलच्या हिशेबाने आखलेल्या असतात; आणि व्हीटेकची पिन व साखळीचा ताण राखणारा टेन्शनर हे दोन्ही भाग वेळेवर पोहोचणाऱ्या ऑइलवरच काम करतात. जाड ऑइलने आवाज दबतो, पण तो आवाज ज्या कारणाने येत होता ते कारण तसेच राहते.

ऑइल कधी बदलावे, या प्रश्नाचे उत्तर पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असे दिलेले असते, आणि त्यातील ‘किंवा’ हा शब्द बहुतेक मालक वाचत नाहीत. द्रुतगती मार्गावर ताशी ८० किलोमीटरने चालणारी गाडी दहा हजार किलोमीटर १२५ तासांत पूर्ण करते, तर पुण्याच्या पेठांमधून किंवा हिंजवडीच्या रांगांमधून ताशी २० च्या सरासरीने जाणारी गाडी तेवढ्याच अंतरासाठी ५०० तास इंजिन चालवते. किलोमीटर सारखे असले, तरी दुसऱ्या गाडीचे ऑइल चौपट काळ तापलेले, चौपट काळ ज्वलनाच्या वायूंना तोंड देत असते. त्यातही घरापासून दोन किलोमीटरवरच्या शाळेपर्यंत जाऊन बंद होणाऱ्या गाडीत ऑइल पुरते तापतच नाही. न जळलेले पेट्रोल आणि ज्वलनातून निघालेली वाफ ऑइलमध्ये उतरते आणि ऑइलच्या झाकणाखाली साईसारखा पांढुरका थर जमतो. सर्वांत कमी पळालेली, जपून वापरलेली म्हणून मिरवली जाणारी गाडी आतून सर्वांत मळलेली निघाल्याचे अनेकदा दिसले, आणि त्यानंतर गाडीचे वय सांगताना किलोमीटरबरोबर तिच्या वापराची पद्धत विचारण्याचा रिवाज गॅरेजमध्ये पडला.

साखळीबद्दलही हेच सांगता येते. रबरी पट्टा ठरावीक अंतरावर बदलावा लागतो आणि तो तुटला तर अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात. साखळी मात्र इंजिनाइतकीच टिकेल, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक ऑइलच्या अटीवर उभे आहे. साखळी लांबते असे म्हटले जाते तेव्हा पोलाद ताणले जात नसते, तर कड्यांमधील पिना आणि त्यांची छिद्रे मळक्या ऑइलमधील कणांनी घासली जात असतात. थंड इंजिन सुरू होताना दोन-तीन सेकंद येणारी खडखड हे टेन्शनर आपला ताण गमावत असल्याचे पहिले निवेदन असते आणि ते ऐकणाऱ्या मालकाला पुढील काही महिने हातात मिळतात.

या इंजिनाचा जो गुण सर्वांत कमी बोलला जातो आणि ज्याने प्रस्तुत लेखकाचा आदर सर्वांत जास्त मिळवला, तो म्हणजे त्याचे हाताने जुळवता येणारे टॅपेट. व्हॉल्व्ह आणि रॉकर आर्म यांच्यामध्ये थोडी मोकळीक ठेवावी लागते, कारण तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो. आय-व्हीटेक इंजिनात ही मोकळीक थंड अवस्थेत आत येणाऱ्या व्हॉल्व्हसाठी ०.१५ ते ०.१९ मिलिमीटर आणि बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हसाठी ०.२६ ते ०.३० मिलिमीटर असते, आणि ती पोलादी पट्ट्यांच्या फिलर गेजने मोजून, स्क्रू व नट यांनी जुळवली जाते. अनेक इंजिनांत हे काम ऑइलच्या दाबाने आपोआप करणारे हायड्रॉलिक टॅपेट असतात आणि त्यांत मोजण्यासारखे काही उरत नाही. वरवर ती सोय वाटते. परंतु जे मोजता येते त्याचा इतिहास ठेवता येतो. एखाद्या गाडीची मोकळीक दर ४० हजार किलोमीटरला लिहून ठेवली, तर कोणता व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत रुतत चालला आहे हे बिघाडाच्या कितीतरी आधी त्या वहीत दिसते.

सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांत या वहीचे मोल कळले. पेट्रोलचे थेंब बाष्प होताना आत येणारा व्हॉल्व्ह थंड ठेवतात, आणि द्रव इंधनाच्या ज्वलनातून बैठकींवर थोडे संरक्षक आवरण बसते; सीएनजी कोरडा वायू असल्याने हे दोन्ही होत नाही आणि व्हॉल्व्हची बैठक हळूहळू दबत जाते. बैठक दबली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि मोकळीक वाढण्याऐवजी कमी होते. मोकळीक संपली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, आपली उष्णता बैठकीला देऊ शकत नाही आणि कडेने जळून फुटतो. यातील धोक्याची गोष्ट अशी, की मोकळीक वाढली तर टॅपेट टिकटिक करते आणि मालक तक्रार घेऊन येतो, पण ती कमी झाली तर इंजिन पूर्वीपेक्षा शांत होते आणि मालक समाधानाने घरी जातो. शांत झालेल्या इंजिनाची आधी मोकळीक मोजायची, हा नियम म्हणूनच पुढे प्रत्येक नव्या मुलाला पहिल्या महिन्यात शिकवला गेला.

उष्णता हा विषय महाराष्ट्रातील घाटांमुळे इथल्या गॅरेजला टाळता येत नाही. या इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आणि त्यात बसवलेल्या सिलिंडरच्या भिंती ओतीव लोखंडाच्या आहेत, आणि तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगते. ठरलेल्या तापमानात हे दोन धातू एकमेकांशी जुळवून घेतात, कारण रचनाकाराने तसा हिशेब केलेला असतो; त्या मर्यादेपलीकडे हेड वाकते, हेड गॅस्केट फुटते आणि कूलंट सिलिंडरमध्ये किंवा ऑइलमध्ये उतरते. कूलंट म्हणजे केवळ रंगीत पाणी, असे समजून नळाचे पाणी भरणाऱ्या गाड्यांत वॉटर पंपाचे पंखे गंजून झिजलेले आणि रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी अर्ध्या बुजलेल्या सापडतात. मराठवाड्यातील बोअरवेलच्या जड पाण्यावर चाललेल्या गाड्यांत हा थर चहाच्या जुन्या भांड्यातील थरासारखा पापुद्र्यांनी निघतो. सपाट रस्त्यावर अशी गाडी वर्षभर तक्रार करत नाही, आणि एप्रिलच्या दुपारी, चार माणसे व सामान भरून, एसी लावून खंडाळ्याचा किंवा कसाऱ्याचा घाट चढताना एकदम तापते. घाट इंजिन बिघडवत नाही. घाट आधीच झालेला बिघाड उघड करतो. अशा वेळी एसी बंद करून, गाडी बाजूला घेऊन, रेडिएटरचे झाकण गरम असताना मुळीच न उघडता थांबणाऱ्याचे इंजिन बहुधा वाचते, आणि ‘अजून थोडेच राहिले आहे’ म्हणत माथ्यापर्यंत रेटणाऱ्याचे हेड उतरवावे लागते.

पाण्याचा दुसरा धडा पावसाने दिला. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यानंतर कित्येक आठवडे मुंबई-ठाण्यातील गॅरेजांत बुडालेल्या गाड्यांची रांग होती. पेट्रोल इंजिनाला पाण्याचे भय का, हे या इंजिनाच्या मापांतूनच कळते. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३७४ घनसेंटिमीटर आणि आकुंचनाचे प्रमाण सुमारे दहाला एक, म्हणजे पिस्टन वर पोहोचल्यावर उरणारी जागा ४० घनसेंटिमीटरच्या आसपास, जेवणाच्या तीन मोठ्या चमच्यांत मावेल एवढी. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. एअर फिल्टरमधून एवढेसे पाणी सिलिंडरमध्ये शिरले, की वर येणारा पिस्टन मध्येच अडतो आणि त्याला ढकलणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेले इंजिन बहुतेक वेळा वाचवता येते; ते वाया जाते ते पाण्यातून बाहेर आल्यावर ‘सुरू होते का पाहू’ म्हणून फिरवलेल्या चावीने. प्लग काढून, सिलिंडर रिकामे करून, ऑइल बदलून मग हाताने क्रँक फिरवून पाहिलेली अनेक इंजिने पुढे वर्षानुवर्षे चालली, आणि केवळ एका अधीर प्रयत्नाने रॉड वाकलेली इंजिने भंगारात गेली.

इंधनही या काळात बदलत गेले. २००० मध्ये शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले, एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकाचे कमी गंधकाचे पेट्रोल आले, आणि २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले ई-२० पेट्रोल पंपांवर दिसू लागले. उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला इथेनॉल परके नाही, परंतु त्याचे इंजिनावरील परिणाम समजून घेणे आवश्यक आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणून वीस टक्के मिश्रणात एकूण ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी घटते. इंधन-इंजेक्शनच्या इंजिनात धुराड्यातील ऑक्सिजन सेन्सर मिश्रणाची अवस्था सतत कळवतो आणि संगणक त्यानुसार इंधनाचे प्रमाण वाढवतो, त्यामुळे गाडी सुरळीत चालते, पण ॲव्हरेज थोडे उतरते. जुन्या गाड्यांत, ज्यांचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी निवडलेले नव्हते, ते वेळोवेळी हाताने दाबून, वास घेऊन तपासणे हाच व्यवहार्य उपाय ठरतो. इथेनॉल हवेतील पाणी शोषते, म्हणून महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी राहणारी गाडी अधिक जपावी लागते.

या सर्व अनुभवांतून काम करण्याची जी पद्धत तयार झाली, तिचे सार ‘उघडण्याआधी मोजा’ या दोन शब्दांत सांगता येते. तरुणपणी इंजिन उघडण्यात कौशल्य आहे असे वाटते. पुढे कळते की न उघडता निदान करण्यात अधिक कौशल्य आहे. ऑइल खाणाऱ्या गाडीची आधी कॉम्प्रेशन टेस्ट घेतली जाते, म्हणजे प्रत्येक प्लगाच्या जागी दाबमापक बसवून चारही सिलिंडरांचा दाब लिहिला जातो. चार आकडे एकमेकांजवळ असतील, तर ते थोडे उतरलेले असले तरी काळजीचे कारण कमी. एकच आकडा बाकीच्यांपासून दूर पडला असेल, तर दोष तिथे. मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजले जाते. दाब वाढला तर रिंगांचा दोष, न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा. या अर्ध्या तासाच्या तपासणीने किती अनावश्यक ‘इंजिन कामे’ टळली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. पण ज्या मालकाला इंजिन उघडण्याची गरज नाही असे सांगितले गेले, तो पुढे स्वतःच्या मुलाची पहिली गाडीही त्याच गॅरेजमध्ये घेऊन आला, हे अनेकदा घडले.

ज्या गाड्यांची नोंद पहिल्यापासून ठेवली गेली त्यांच्यापैकी एका सिटीचे हेड, दोन लाख किलोमीटरनंतर, व्हॉल्व्हच्या कामासाठी उतरवावे लागले. सिलिंडरच्या भिंतींवर कारखान्यात होनिंगने पाडलेल्या तिरप्या, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा, ज्या ऑइल धरून ठेवण्यासाठी असतात, त्या अजून स्पष्ट दिसत होत्या आणि वरच्या टोकाला बोट फिरवले तरी झिजेची पायरी हाताला लागत नव्हती. एक लाख किलोमीटर सरासरी ताशी ३० ने कापले आणि इंजिन सरासरी २००० फेऱ्यांवर राहिले, तर क्रँकशाफ्ट सुमारे ४० कोटी वेळा फिरतो; या इंजिनाने त्याच्या दुप्पट फेऱ्या करूनही त्या रेषा पुसल्या गेल्या नव्हत्या. त्या गाडीत कोणतीही खास गोष्ट केलेली नव्हती. ऑइल तासांच्या हिशेबाने बदलले गेले, कूलंट कंपनीने सांगितलेलेच भरले गेले, एअर फिल्टर धुळीच्या दिवसांत लवकर बदलला गेला, टॅपेटची मोकळीक वहीत लिहिली गेली, आणि मालकाने सकाळी इंजिन सुरू केल्यावर पहिले मिनिटभर ते ताणले नाही. रचनाकाराने जे दिले ते उत्तम होते. त्याला इतरांनी अडथळा केला नाही, एवढेच त्या रेषांचे रहस्य होते.

आयटीआयमधून शिकून येणाऱ्या मुलांना स्कॅनर लवकर कळतो, आणि ते योग्यही आहे, कारण सेन्सरांच्या इंजिनात केवळ कानावर विसंबून चालत नाही. पण स्कॅनर फक्त तेच सांगतो जे मोजण्यासाठी त्यात सेन्सर बसवलेला आहे. मागच्या झिजलेल्या प्लगाचा, रेडिएटरमधील पापुद्र्यांचा, शांत झालेल्या टॅपेटचा आणि झाकणाखालच्या पांढुरक्या थराचा सेन्सर नसतो. तिथे डोळा, बोट, फिलर गेज आणि नोंदवही लागते. इंजिनाची विश्वासार्हता निम्मी कारखान्यात ओतली जाते, आणि उरलेली निम्मी दर काही महिन्यांनी एखाद्या गॅरेजमध्ये, कुणीतरी प्रामाणिकपणे घेतलेल्या मोजमापात घडत असते.

गाडीच्या मालकाने यासाठी यंत्रशास्त्र शिकण्याची गरज नाही. महिन्यातून एकदा, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना बॉनेट उघडावे, डिपस्टिक ओढून, पुसून, पुन्हा घालून ऑइलची पातळी आणि रंग पाहावा, कूलंटच्या टाकीतील खुणेवर नजर टाकावी आणि जे दिसले ते तारखेसह लिहून ठेवावे. पाच मिनिटांचे हे काम जो मालक करतो, त्याच्या गाडीचे हेड सहसा उतरवावे लागत नाही.